त्रेचाळीस तुकड्यांची बाई

‘ज्यांना सरळ रेघसुद्धा काढता येत नाही त्यांच्यासाठी चित्रकलेचा वर्ग. दर रविवारी सकाळी.’

वाचनालयाच्या जिन्यापाशी हा कागद चिकटवला होता. तो वाचून माझ्या तळपायाची आग अशी मस्तकाला गेली की मी तसाच वर चढलो आणि नाव नोंदवून आलो.

राग कागदाचा नव्हता, स्वतःचाच होता. सत्तावीस वर्षं मी रेघाच काढत आलोय. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मी कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे ऐंशी-ऐंशी थर पसरतात, सगळ्यात वरच्या थरावर मी खडूने आखतो आणि माझ्या रेघेवरून विजेची उभी सुरी फिरते. रेघ एक, कापले जातात ऐंशी. सगळे मला मास्तर म्हणतात, बायकोसुद्धा चिडली की ‘मास्तर’ म्हणते. तशी आखायला पुठ्ठ्याचे खाके असतात, ते ठेवून भोवतीने खडू फिरवला की झालं. पण मुंढ्याची गोलाई, म्हणजे बाही खांद्याला जोडतात तो वळसा, मी खाक्याशिवाय काढायचो. एका दमात, हात न उचलता. नवीन माणसं बघायला उभी राहायची. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला सांगू!

चार महिन्यांपूर्वी तो हात थरथरला.

त्या दिवशी टेबलावर दवाखान्यातल्या लोकांचे पांढरे कोट होते. दोन्ही बाह्यांचे मुंढे काढताना खडू एक बोट आत गेला आणि मला पत्ताही लागला नाही. सुरी मेहुण्याच्या हातात होती. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, अकरा वर्षं माझ्याच टेबलावर. कामाला लावलेलाही मीच. त्याने रेघेवरून सुरी फिरवली, बाह्या शिवणीला गेल्या, पहिला कोट तयार झाला, कुणीतरी तो अंगात घालून हात वर केला आणि काखेत टर्रकन फाटला. ऐंशी कोटांच्या एकशेसाठ बाह्या! मालक स्वतः खाली येतायत असा निरोप आला. त्याआधी मी कतरणांच्या ढिगातून वरच्या थराची पट्टी शोधून काढली. खडूची रेघ तिच्या कडेला अगदी चिकटून होती. म्हणजे सुरी बरोबर रेघेवर चालली होती, रेघच चुकली होती. ती पट्टी चुरगाळून मी चिंध्यांच्या पोत्यात खोल कोंबली आणि मालक आल्यावर म्हणालो, “सुरी आत गेली.”

तेवढंच बोललो. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं, मग सुरीकडे, आणि तो गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून त्याला पॅकिंगला बसवलं, घड्या घालायला आणि खोकी भरायला. त्याने कुणाजवळ ब्र काढला नाही. मी समजलो, याला सगळं माहीत आहे, बहिणीचा संसार म्हणून मूग गिळून बसलाय. त्याचं ते गप्प राहणं मला दिवसरात्र टोचायला लागलं. तो चार शिव्या देता तर मी जेवलो तरी असतो.

तेव्हापासून मी गोलाईलाही खाका वापरतो. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण गेलो तर तो काहीतरी सांगेल. मला एवढंच बघायचं होतं, की कारखान्यातलं कुणी नसेल अशा जागी बसून, रोज थोडं थोडं करून, हात परत येतो का.

बायकोला वाटलं नवरा सुधारला. “अहो, तुम्हाला छंद? मी समजत होते तुम्हाला फक्त चिडण्याचा छंद आहे.”

वर्गात आम्ही सात जण. शिकवणारी बाई माझ्या मुलीच्या वयाची, दोन्ही कोपरांना रंग लागलेला, बोलणं असं भरभर की वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू. तिने मला पहिल्याच दिवशी ‘काका’ केलं. माझ्या शेजारी निवृत्त दंतवैद्य होते, गोलमटोल आणि सदा खूश. मला खूश माणसं शेजारी चालत नाहीत, पण जागा तीच रिकामी होती.

प्रत्येकाला तिने तळहाताएवढं एक छापील चित्र दिलं. खुर्चीत बसलेली बाई. बाई म्हणजे काय, तुकडे! नाक बाजूने, डोळे समोरून, एक खांदा पुढून तर दुसरा चक्क मागून, हनुवटीच्या जागी तपकिरी त्रिकोण, मांडीवर बहुधा हात, तेही किती ते कळेना. सगळे रंग मातकट, राखाडी, मळक्या पिवळ्याच्या जवळपासचे. हेच चित्र मोठ्या कॅनव्हासवर जसंच्या तसं उतरवायचं, आठ रविवारांत.

“हिला आधी माझ्याकडे आणायला हवं होतं,” दंतवैद्य म्हणाले. “जबडा हललाय.”

“याला घनवाद म्हणतात,” शिकवणारी म्हणाली. “चित्रकार एका जागी उभा राहून काढत नाही. तो बाईच्या भोवती फिरतो आणि दिसलेल्या सगळ्या बाजू एकाच चित्रात मांडतो. मी नव्या लोकांना इथूनच सुरुवात करून देते, कारण यात कुणी म्हणू शकत नाही की नाक चुकलं. फक्त पट्टी नको आणि ट्रेसिंग नको. हाताने.”

मी चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि मला हसूच आलं. हे तर आम्ही रोज करतो! पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, कॉलर, खिसा, सगळं एका टेबलावर सपाट पसरलेलं. शिवून होईपर्यंत माणूस तुकड्यांतच असतो. लोकांना या चित्रात गोंधळ दिसतो, मला कापडाचा बेत दिसला. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी सोपं वाटलं.

मग पेन्सिल हातात घेतली, आणि सोपेपणा तिथेच संपला. गळ्याची पहिली रेघ निघाली ती मुंगी चालल्यासारखी, इकडे तिकडे बघत. खोडली. पुन्हा काढली, पुन्हा तीच गत. कॅनव्हासला भोक पडायची वेळ आली. मी उठलो, खिडकीपाशी गेलो, खाली रस्त्यावर उभ्या गाड्या मोजल्या, परत येऊन बसलो, टोक केलं, पुन्हा उठलो. दंतवैद्य बाईचे ओठ रंगवायच्या तयारीला लागले तरी माझा गळा होईना.

“काका, तुम्हाला बसवत नाही का?” शिकवणारीने विचारलं.

“पाठीचं दुखणं आहे,” मी म्हणालो. पाठीला काहीही झालं नव्हतं.

त्या आठवड्यात मी घरी एक उद्योग केला. छापील चित्रावर चौकटी आखल्या, तितक्याच पण मोठ्या चौकटी पुठ्ठ्यावर आखल्या, आणि बाईचा एकेक तुकडा मोठा करून कापला. रेघ हलली तरी कात्रीने कडा सरळ करता येते, घासून गुळगुळीत करता येते. त्रेचाळीस खाके झाले. प्रत्येकावर नंबर घातला. जेवणाचं टेबल चार दिवस माझ्या ताब्यात होतं, बायको ताट घेऊन ओट्याशी उभ्याने जेवली आणि तरी काही बोलली नाही, म्हणजे ती खरंच खूश होती. मला मात्र लाज वाटत होती. ज्याला गोलाईला खाका लागत नव्हता, तो चित्राला खाके करत बसला होता.

पुढच्या रविवारी शिकवणारी पलीकडच्या कोपऱ्यात एका आजींना रंग कालवून दाखवत होती. मी पाठ करून बसलो आणि खालून सुरुवात केली. खुर्चीचे पाय, मांडी, हात, पोट. खाका ठेवायचा, भोवतीने पेन्सिल फिरवायची. रेघा कशा, दोरी ताणल्यासारख्या! मी शीळसुद्धा घातली. तासाभरात खांद्यापर्यंत आलो, गळा लावला, हनुवटी लावली आणि वर बघितलं तर कॅनव्हास संपला होता. नाक, दोन डोळे, कपाळ आणि केस, एवढा सगळा ऐवज माझ्या हातात आणि ठेवायला जागा नाही.

शिकवणारी मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने एक तुकडा उचलला, छापील चित्राशी ताडून बघितला. “काका, हे सगळे थोडे थोडे मोठे कसे?”

मी बघितलं आणि माझे कान तापले. सवय! प्रत्येक तुकड्याला चारही बाजूंनी शिवणीसाठी अर्धं बोट सोडलं होतं. सत्तावीस वर्षांत हाताने एकही खाका त्याशिवाय कापला नव्हता.

“शिवल्यावर बरोबर बसेल,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“पण हिला शिवायचं नाहीये!”

सगळा वर्ग हसला. दंतवैद्य तर डोळे पुसायला लागले. मीही हसायला हवं होतं, चूक हसण्यासारखीच होती. पण शिकवणारी हसली नाही. ती हळूच म्हणाली, “तुम्ही हे कापलंय छान. पण काढलं नाहीये. एक रेघ काढा ना माझ्यासमोर, खाक्याशिवाय. कशीही.”

“मला येत नाही.”

“येत नाही त्यांच्यासाठीच वर्ग आहे.”

“मला येत होती!” मी ओरडलोच. एवढ्या मोठ्याने की खाली वाचनालयात पेपर वाचणाऱ्यांनीही ऐकलं असेल. सगळे खाके पिशवीत कोंबले आणि जिना उतरलो. वाचनालयाला दोन फेऱ्या मारल्या. घरी जावंसं वाटेना, कारण बायको विचारणार आज काय काढलं. बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. त्या पोरीवर मी का ओरडलो ते मला पुरतं ठाऊक होतं. मला भीती वाटत होती. हात परत येणार नाही, ही ती भीती, आणि हात आला नाही तर मी जे बोललो ते कधीच मिटणार नाही, ही त्याहून मोठी. हात बरा झाला असता तर मी मेहुण्याला पुन्हा सुरीवर घेतलं असतं, मालकांना काहीतरी पटवलं असतं आणि खरं सांगण्याची वेळच आली नसती. हा सगळा डाव मी मनात मांडला होता.

तिसऱ्या फेरीला वर गेलो. तिने काही विचारलं नाही, नवा कॅनव्हास पुढे सरकवला.

पुढचे रविवार मी हातानेच काढलं. रेघ हलायची, मी दात आवळायचो, पुढची रेघ. डोळे जागेवर बसले, नाक बसलं, त्रिकोणी हनुवटी बसली. मागून दिसणाऱ्या खांद्याशी मात्र गाडी अडली. एक साधी कमान, मुंढ्याएवढीच. अकरा वेळा काढली, अकरा वेळा खोडली. बाराव्यांदा शिकवणारीने खोडरबर उचलून स्वतःच्या खिशात घातलं. “ही मला आवडली. थरथरतेय म्हणूनच आवडली. राहू दे.”

आमच्याकडे अशा रेघेपायी एकशेसाठ बाह्या चिंध्यांत जातात, आणि इथे ती आवडते. तिला ती आवडली याचा मला रागच आला. पण राहू दिली, आणि त्या दिवशी मला स्वच्छ कळलं की हात परत येणार नाहीये. मी बारकाईने बघितलं होतं. पहिल्या रविवारी रेघ जेवढी हलत होती, तेवढीच सातव्याला हलत होती. उगाच स्वतःला फसवण्यात अर्थ नव्हता.

तरी मी कुणाला काही सांगितलं नाही. कळणं वेगळं आणि सांगणं वेगळं.

आठव्या रविवारी सगळी चित्रं भिंतीवर टांगली. एकाच बाईची सात चित्रं. घरच्यांना बोलावलं होतं. मी बायकोला म्हटलं होतं, एकटीच ये, फार गाजावाजा नको. तर ती भावाला घेऊन आली. “तोही सुट्टीला घरातच बसून असतो हल्ली, म्हटलं चल.”

त्याला दारात बघून मी माझ्या चित्राकडे बघितलं. दुसरं कुणीही चित्रात बाई बघेल, हा रेघ बघेल. अकरा वर्षं ज्याने माझ्या रेघेवरून सुरी चालवली, त्याला त्या खांद्याची कमान बघून सगळं कळणार. तो एकेक चित्र बघत पुढे येत होता आणि मी खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होतो. शेवटी तो माझ्या चित्रापुढे थांबला. मी शेजारी जाऊन उभा राहिलो, म्हटलं काय व्हायचं ते होऊ दे.

“झकास आलंय, भाऊजी,” तो म्हणाला. “तुमचा हातच तसा आहे.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येतच नाहीत.

“तूही ये पुढच्या वेळी,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

“छे हो. माझ्या हाताचा आता भरवसा नाही.” तो ओशाळं हसला. “त्या कोटांनंतर मी हायच खाल्लीय. रोज आठवून बघतो, नेमका कुठे वळलो, कुठे जोर जास्त लागला. मला तर शेवटपर्यंत वाटत होतं, आपण रेघेवर आहोत. रेघेवर आहोत असं वाटतंय आणि खरं एक बोट आत गेलोय, तर अशा हाताने माणसाने काय करावं? पोरीची नखंसुद्धा कापत नाही मी. ती मागे लागते, बाबाच पाहिजे. मी सांगतो, चष्मा सापडत नाहीये.”

मी त्याचा दंड धरला आणि त्याला बाहेर जिन्याशी नेलं. त्याला वाटलं मला बरं वाटत नाहीये. “पाणी आणू का?” तो म्हणाला.

“सुरी रेघेवरच होती,” मी म्हणालो.

“कुठली सुरी?”

“तुझी. कोटांच्या वेळची. रेघच आत गेली होती. माझा हात हलतो. मी कतरण बघितली आणि फेकून दिली, आणि मालकांना सुरी आत गेली म्हणून सांगितलं.”

तो एक पायरी खाली उतरून उभा राहिला. मला वाटलं आता मारेल, आणि मारावं असंही वाटलं.

“परत सांगा,” तो म्हणाला.

मी परत सांगितलं.

“अजून एकदा.”

“सुरी रेघेवरच होती. तू चुकला नव्हतास.”

त्याने दोन्ही हात पुढे धरून बघितले, पालथे केले, पुन्हा बघितले. त्याचे डोळे भरले होते, पण तो माझ्यासमोर रडणार नव्हता.

“मला वाटलं तुला माहीत आहे,” मी म्हणालो. “ताईसाठी गप्प आहेस असं वाटलं. रेघ तर तुझ्या डोळ्यांसमोर होती ना?”

“तुमची रेघ मी कधी तपासली नाही, भाऊजी. अकरा वर्षांत एकदाही नाही. तुमची रेघ आहे म्हटल्यावर ती बरोबर का चूक हे बघायचं असतं, हे मला कधी सुचलंच नाही.”

मी पायरीवर बसलो.

“उद्या मालकांना सांगा,” तो म्हणाला. “माझ्यासमोर. शिवणीवरच्या सगळ्या बायकांनाही बोलवा, त्या सहा महिने माझ्याकडे बिचारा म्हणून बघतायत.”

“सांगतो.”

“आणि ताईला आत्ता सांगा.”

“तिला घरी गेल्यावर...”

“आत्ता.”

अकरा वर्षांत तो माझ्याशी या आवाजात बोलला नव्हता. मी आत गेलो. तो जिन्यातच उभा राहिला.

बायको माझ्या चित्रापुढे दंतवैद्यांशी वाद घालत होती. “अहो, बरं झालं आलात. या बाईला हात किती? मी तीन मोजले, हे म्हणतात दोनच. आणि हा कुठे गेला?”

“अगं, जरा इकडे ये. इथे खुर्चीवर बस.”

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिचं हसू गेलं. “आधी सांगा,” ती म्हणाली. “मग बसते.”

मी सांगितलं.